घरचे शेवटी

काकांच्या पापण्या हलल्या, पण बटण दाबलं गेलं नाही. मी सूर थांबवला, दोन श्वास जाऊ दिले आणि पुन्हा तोच सूर दिला. पुन्हा पापण्या हलल्या, अगदी किंचित. सूर ऐकू आला की दाबायचं त्या बटणावर अंगठा होता, तो तसाच राहिला. दुहेरी काचेपलीकडच्या त्या कपाटाएवढ्या खोलीत काका हेडफोन लावून ताठ बसले होते. गुडघ्याला गुडघा लावून, रविवारी आमच्या उपासनेच्या वेळी दाराशेजारच्या खुर्चीवर दार सांभाळत बसायचे तसे. सतरा वर्षं मी माणसांचे कान तपासते आहे. ज्याला ऐकू येत नाही त्याचा चेहरा मला पाठ आहे. तो वाट बघतो, भुवया उचलतो, मधूनच काचेतून माझ्याकडे बघून ‘सुरू झालं का?’ असं विचारतो. काकांचा चेहरा वाट बघत नव्हता. सूर येत होता, ते तो ऐकत होते आणि गिळून टाकत होते. बहिरेपणाचं सोंग करणारे मी पाहिले नाहीत असं नाही. परीक्षेला घाबरलेली मुलं येतात, नोकरीतली बदली टाळायची असलेले येतात. पण त्यांचं सोंग ढोबळ असतं, पहिल्या पाच मिनिटांत उघडं पडतं. हा सत्याहत्तर वर्षांचा निवृत्त सुतार होता आणि त्याला खोटं बोलताना कुणी ऐकलेलं नव्हतं. तो माझ्यासमोर बसून आपले धडधाकट कान नाकारत होता. तो हे का करत होता ते जगात दोघांनाच माहीत होतं. एक तो आणि दुसरी मी.

तीन महिन्यांपूर्वी एका रविवारी सकाळी आई गेली. तेव्हा तिच्याजवळ माझी धाकटी बहीण होती. मी उपासनेत होते, आजाऱ्यांसाठीची प्रार्थना चालवत होते. माझा फोन, उपासनेत असतो तसा, बंद. आईचा श्वास बदललेला बघून धाकटीनं प्रार्थनामंदिराच्या दाराशी जो जुना फोन आहे त्याच्यावर फोन केला. तो काकांनी उचलला. तिनं निरोप सांगितला. आणि मी पोचले ती सगळं संपल्यावर. धाकटीचं म्हणणं असं, की काकांनी निरोप मला दिलाच नाही. ती त्यांना सगळ्यांदेखत वाटेल ते बोलली. काकांनी टोपी हातात घेऊन ऐकून घेतलं आणि म्हणाले, मला नीट ऐकू आलं नाही, वय झालं. मग पाळकसाहेबांनी त्यांना समजुतीनं सांगितलं, की कान तपासून घ्या आणि तोवर दार सांभाळायचं काम दुसऱ्या कुणाकडे देऊ या. काका आढेवेढे घेत राहिले, तीन महिने टाळत राहिले. शेवटी पाळकांनीच आमच्या दवाखान्यात त्यांची वेळ ठरवली. तपासायला मी असेन हे पाळकांच्या डोक्यातही आलं नसावं. किंवा आलं असेल आणि त्यांना ते सोयीचं वाटलं असेल, आपलंच माणूस म्हणून. एवढी हकिकत सगळ्यांना माहीत आहे. ती खोटी आहे. निरोप मला मिळाला होता. सुताराच्या जाड पेन्सिलीनं, चौकोनी अक्षरांत लिहिलेली चिठ्ठी काकांनी स्वतः माझ्या हातात दिली होती आणि ती आजही माझ्या चष्म्याच्या डबीत, अस्तराखाली आहे.

हे कुणाला समजावून सांगायचं तर आमच्या स्वयंपाकघरापासून सुरुवात करावी लागेल. तिथे भांड्यांच्या कपाटाच्या दाराला आतल्या बाजूनं एक यादी चिकटवलेली असे. अक्षर आईचं, क्रम बाबांचा. आधी मंडळी, म्हणजे आमच्या उपासनेतली सगळी. मग आजारी, मग परके, मग ‘ज्यांनी आपलं वाईट केलं ते’. या प्रत्येकाखाली नावं, काही खोडलेली, काही नव्यानं घातलेली. आणि सगळ्यांत खाली एक शब्द: घरचे. त्याखाली नाव नव्हतं. घरचे कोण ते देवाला ठाऊक होतं. रोज सकाळी आम्ही चौघं टेबलाभोवती उभे राहायचो आणि बाबा ती यादी वरून खाली प्रार्थनेत घ्यायचे, एकेक नाव सावकाश, कुणावर अन्याय होऊ नये म्हणून. सात दहाला त्यांची बस असे. बस थांबत नाही, त्यामुळे बहुतेक दिवशी ‘आमेन’ वैऱ्यांपर्यंत येऊन उरकायचं आणि बाबा पिशवी उचलायचे. घरच्यांची पाळी शनिवारी यायची, सुट्टी असली तर. धाकटी टेबलाच्या खालच्या फळीवर पेन्सिलीनं रेघा ओढायची, ज्या दिवशी आमच्यापर्यंत पोचले त्या दिवशी एक. सहावीत असताना तिनं अगदी गंभीरपणे बाबांना विचारलं होतं, “आम्ही दोघी परक्या झालो तर आमचा नंबर लवकर लागेल का?” आई हसू दाबायला ओट्याकडे वळली. बाबा हसले नाहीत. त्यांनी तिला आपल्या कामाची पेटी उघडून दाखवली.

बाबा दुकानांतले तराजू तपासायचे आणि दुरुस्त करायचे. त्यांच्या लाकडी पेटीत हिरव्या मखमलीच्या खळग्यांत पितळी वजनं बसवलेली असत, मोठ्यापासून ते बोटाच्या नखाएवढ्या पत्र्यापर्यंत. ती चिमट्यानंच उचलायची. बोट लागलं की बोटाचं तेल चढतं आणि वजन खोटं होतं. बाबा म्हणत, आपल्या माणसाकडे काटा आपोआप झुकतो, कुणी झुकवावा लागत नाही, म्हणून तो सरळ ठेवायचा तर आपल्या माणसाला पारड्यातून खाली उतरवावं लागतं. ते हे प्रेमानं सांगत. मला आता असं वाटतं, की ते आम्हालाही त्या चिमट्यानंच उचलत होते, आमचं वजन खोटं होऊ नये म्हणून. डोक्यावर हात ठेवायचा तर तो क्षणभर आणि आशीर्वादापुरता. त्यात निष्ठुरपणा नव्हता. हे मी धाकटीला पुष्कळदा सांगितलं आहे. ती म्हणते, नव्हता, निष्ठुर माणसावर निदान नीट रागावता येतं.

ती सहा वर्षांची आणि मी नऊ, तेव्हाची एक संध्याकाळ आहे. तिला ताप होता, अंगावर पुरळ उठलं होतं आणि डोळ्यांना उजेड सोसत नव्हता. त्याच संध्याकाळी पलीकडच्या रस्त्यावरच्या एका बाईचा नवरा गेला. ती आमच्या मंडळीतली नव्हती, तिचं नावही आम्हाला माहीत नव्हतं. आईबाबा तिच्याजवळ बसायला निघाले. दारात आईनं चप्पल घालता घालता माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “तिला कोणी नाही. तुम्हाला देव आहे.” मग दार लागलं. मी ओलं फडकं पिळून बहिणीच्या कपाळावर ठेवत राहिले. तिनं कोरडे ओठ चाटले. मग म्हणाली, “ताई, देवाला सांग ना, पाणी दे म्हणावं.” मी उठून पाणी दिलं. ती प्यायली आणि म्हणाली, “थँक्यू, देवा.” आम्ही दोघी इतक्या हसलो, की तिला खोकला लागला. ते हसू मला अजून ऐकू येतं, दवाखान्यात रिकाम्या खोलीचं दार लावून यंत्र जुळवत असताना, जेव्हा शांतता कानावर दाबल्यासारखी बसते तेव्हा तर हमखास. आईबाबा परतले तेव्हा आम्ही झोपलो होतो. सकाळी त्या बाईचं नाव यादीत होतं, आजाऱ्यांच्याही वर. बाबा गेले तेव्हा ती आली होती आणि सगळ्यांत जास्त तीच रडली. त्या दिवशी इतकी माणसं आली, की आम्हा मुलींना बसायला जागा उरली नाही. दारावरच्या काकांनी कुठूनतरी दोन घडीच्या खुर्च्या आणून चौथ्या रांगेच्या कडेला आमच्यासाठी मांडल्या. त्यांच्या लक्षात राहिलं होतं, की त्या माणसाला दोन मुलीही आहेत.

धाकटीनं बाविसाव्या वर्षी जेवणाच्या टेबलावर सांगून टाकलं, “मी या रविवारी येणार नाही. कुठल्याच येणार नाही.” बाबांनी ताटलीवर चमचा आडवा ठेवला. दुसऱ्या सकाळी कपाट उघडलं तर यादीत एक नवं सदर आलेलं होतं, परके आणि वैरी यांच्या मधे: भरकटलेले. त्याखाली तिचं नाव. नावानिशी, आईच्या अक्षरात, रोज सात वाजायच्या आत. वीस वर्षं मी त्या टेबलाशी उभी राहिले होते आणि माझं नाव त्या घरात प्रार्थनेत उच्चारलं गेल्याचं मला आठवत नव्हतं; कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ते असं. पुढे कधीतरी मी हे धाकटीला सांगितलं. ती तलावाच्या काठावर ओल्या केसांनी बसली होती. ती मुलांना पोहायला शिकवते. ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. “मग तूही सोड ना, ताई. नंबर लागेल.” मी सोडलं नाही. राहणाऱ्याला राहण्याचं कारण द्यावं लागत नाही आणि मी ते स्वतःलाही कधी दिलं नाही. मला उपासना आवडते, लाकडाचा वास आवडतो, पंधरावीस माणसांचं एकदम गप्प होणं आवडतं. आणि त्याहून खरं म्हणजे, मला अशी एक आशा असावी, की यादी कधीतरी शेवटपर्यंत पोचेल.

त्या रविवारी निघताना आई जागी होती. सहा महिन्यांच्या आजारानं तिचा आवाज कागदासारखा झाला होता. मी म्हटलं, आज मी राहते, प्रार्थना दुसरं कुणी चालवेल. ती म्हणाली, “जा. उशीर होईल.” आणि मग तिनं माझा हात ओढून घेतला आणि माझ्या बाहीचं सुटलेलं बटण लावायला लागली. बटण तिच्या बोटांखाली काजातून निसटत होतं. मी दुसऱ्या हातानं मदत करायला गेले तर तिनं तो बाजूला सारला. त्या एका बटणाला तिला किती वेळ लागला. मी तिच्या डोक्यावरून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. धाकटी तिचा पोहण्याचा वर्ग रद्द करून आली, दारातच तिनं माझी पर्स माझ्या खांद्याला अडकवली आणि म्हणाली, “पळा, जगाची काळजी तुमच्याविना खोळंबलीय.” मी गेले. एकोणीस नावं होती. आईचं विसावं. आमच्याकडे चालवणाऱ्यानं आपल्या माणसाचं नाव शेवटी घ्यायचं, हे कुठे लिहिलेलं नाही, बाबांनी पाडलेली पद्धत आहे. एक नाव, त्याच्यासाठी चार शब्दांची प्रार्थना, मग दोन श्वासांची शांतता, मग पुढचं. सातव्या नावानंतरच्या शांततेत काका कडेच्या वाटेनं, रबरी तळव्यांचा आवाज होऊ न देता आले आणि माझ्या कागदावर त्यांनी चिठ्ठी ठेवली. ‘आई. लवकर. बहिणीचा फोन.’ मी वाचली. मी ती नीट वाचली, मला कळली, हे मी इथे स्पष्ट लिहून ठेवते. मग मी ती सगळ्या कागदांच्या खाली सरकवली आणि आठवं नाव घेतलं. माझ्या मनात तेव्हा आई नव्हती. मनात फक्त एवढंच होतं, की आता घाई केली तर काटा झुकेल. म्हणून मी घाई केली नाही. उलट, मला वाटतं, मी शांतता थोडी लांबवली. काका जागेवरच उभे होते. पुढची अकरा मिनिटं ते माझ्याकडे बघत उभे होते. शेवटी मी आईचं नाव घेतलं, तिला आराम पडो म्हटलं आणि सगळे आमेन म्हणाले. धाकटीनं वेळ पाहून ठेवली होती. सतराव्या-अठराव्या नावाच्या सुमारास आई गेलेली होती. मी एका गेलेल्या बाईला बरं वाटावं म्हणून मागत होते आणि माझा आवाज, असं नंतर लोक म्हणाले, फार स्थिर होता.

घरी धाकटी दारात उभी होती. “निरोप मिळाला नाही का तुला?” माझ्या मागोमाग काका धापा टाकत जिना चढून आले होते. मी तोंड उघडलं. “त्यांनी सांगितलाच नाही ना?” असं तीच म्हणाली आणि मी उघडलेलं तोंड मिटलं. मी खोटं बोलले नाही. आमच्या घरात खोटं बोलत नाहीत. मी फक्त बोलले नाही.

तपासणीची खोली अजून शांत होती. काका समोर बघत बसले होते. सोंग उघडं पाडायचे दोनतीन मार्ग आम्हाला शिकवलेले असतात. त्यातला एक साधा आहे. सूर बंद करायचे, आवाज तळाला न्यायचा, हा माणूस ज्या पातळीला बहिरा असल्याचं दाखवतो आहे त्याच्या कितीतरी खाली, आणि त्याच्याशी हळूच काहीतरी बोलायचं, जे ऐकून स्वस्थ बसवणार नाही. मी माईकजवळ तोंड नेलं. माझा श्वास मलाच मोठा वाटला. “काका, चिठ्ठी मला मिळाली होती. मी सगळ्यांना सांगणार आहे.” त्यांचा चेहरा हलला नाही. पण त्यांचा डावा हात मांडीवरून उठला आणि पटकन हेडफोनवर बसला, उघड्या नळाखाली हात धरावा तसा. बराच वेळ तो तिथेच होता. मग त्यांनी हेडफोन काढला, नीट मांडीवर ठेवला आणि काचेतून माझ्याकडे न बघता म्हणाले, “ते मला ऐकू आलं नाही, बाई.”

मी दार उघडून आत गेले. आत दोन माणसांना जेमतेम जागा आहे. मी उंबऱ्यावर टेकले.

“काय ऐकू आलं नाही?”

“तू म्हणालीस ते.”

“मी काय म्हणाले?”

“ऐकू आलं असतं तर सांगितलं असतं.” त्यांनी हेडफोनची वायर बोटाला गुंडाळली आणि सोडली. “मशीन चांगलंय. महाग असेल.”

“काका, तुमचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत.”

“असं लिहू नकोस.”

“मग काय लिहू?”

“लिही, की म्हातारा झालाय. ते खोटं नाही.” मग ते म्हणाले, “प्रार्थना चालवणाऱ्याच्या हातात मधेच चिठ्ठी द्यायची नसते. मी तीस वर्षं दारावर आहे, मला कळायला हवं होतं. तुझ्या वडलांनी मला तेच शिकवलं. चिठ्ठी ठेवली आणि मग मी तिथे उभा राहून म्हणत होतो, जा, पोरी, जा. मोठ्यानं म्हणालो असतो तर तू गेली असतीस. माझ्यानं झालं नाही. म्हणजे चूक निम्मी माझीच आहे.”

“म्हणून तुम्ही दार सोडलंत?”

“दारं काय, मी जन्मभर केली. एक गेलं.” ते उठायला लागले, गुडघ्यावर हात देऊन. “तुला बहीण एकच आहे. तिनं माझ्याशी बोलणं टाकलं तर माझं काय अडतंय? तुझ्याशी टाकलं तर?”

आमच्या अख्ख्या मंडळीत, शास्त्र कोळून प्यालेल्यांत, कुणाच्या घरच्यांना कुणी आधी ठेवलं होतं तर या माणसानं आणि तेही स्वतःच्या नाही, माझ्या. त्यासाठी तो खोटं बोलला होता. मी परत जाऊन तपासणी पहिल्यापासून घेतली. “आता दाबा,” मी माईकमधून म्हटलं आणि त्यांनी दाबलं. आमचा नियम असा, की एक सूर हळू हळू करत न्यायचा, अशा टोकापर्यंत, की तो कधी ऐकू येतो, कधी नाही. निम्म्या वेळा आला तर तो त्या माणसाला ऐकू येतो असं धरायचं आणि आलेखावर खूण करायची. मी खुणा केल्या. वयाच्या मानानं उत्तम. कागद पाकिटात घालून त्यांना दिला तेव्हा त्यांनी तो हातावर तोलला.

“पाळकांना काय सांगू?”

“तुम्ही नका सांगू. मी सांगेन. आधी तिला.”

ते दारापर्यंत गेले, दार धरून उभे राहिले, बिजागरीकडे बघितलं. “तेल घाला याला. कुरकुरतंय.” आणि गेले.

शनिवार होता. दवाखाना एकला बंद होतो. धाकटी आणि मी त्या दुपारी आईचं स्वयंपाकघर आवरणार होतो. मी पोचले तेव्हा ती जमिनीवर मांडी घालून बसली होती आणि भोवती डबे, झाकणं, दोऱ्यांची रिळं. तिच्या हातांना नेहमीचा तलावाच्या पाण्याचा वास येत होता.

“चमचे बघ,” ती म्हणाली. “बावन्न. चार माणसांच्या घरात बावन्न चमचे. जगातले सगळे परके जेवायला येणार होते बहुतेक.”

“येत होते की.”

“हो, आणि आपण नंतर. ही किटली तू घे. तू आज्ञाधारक, वारसा तुला.” तिनं वर पाहिलं. “काय झालं? तोंड का असं?”

मी खुर्चीवर बसले, डबी उघडली, अस्तर उचललं आणि चिठ्ठी टेबलावर ठेवली. ती उठली, हात कुर्त्याला पुसून तिनं ती उचलली. दुसऱ्याच्या अक्षरात स्वतःचाच निरोप वाचायला तिला वेळ लागला. मग तिनं ती होती तशी घडीवर दुमडली, मोरीकडे गेली आणि एक धुतलेला कप पुन्हा धुवायला लागली.

“केव्हा मिळाली?”

“सातव्या नावाला.”

“वेळ विचारतेय. नाव नाही.”

“दहा तेहतीस.”

पाणी वाहत होतं. “ती दहा बेचाळीसला गेली. इथे यायला चार मिनिटं लागतात.”

“पळत तीन.”

“हो. पळत तीन.” तिनं नळ बंद केला. “मी त्या म्हाताऱ्याला थेरडा म्हणाले. सगळ्यांसमोर. तू शेजारी उभी होतीस.”

“हो.”

“का, ताई?” ती वळली नाही. “आधीचं कळतंय मला. ते तू नाहीस, ते बाबा. पण नंतर का?”

मी खरं उत्तर शोधलं. ते मिळालं नाही. जे तोंडात आलं ते म्हटलं, “घरचे शेवटी.” ती हसली. ते हसू नव्हतं, श्वास होता. मग ती माझ्यासमोर येऊन बसली, ओले हात टेबलावर ठेवून, आणि बराच वेळ कपाटाच्या उघड्या दाराकडे, त्या यादीकडे बघत राहिली. पाण्यात पाचजण बुडत असले तर ओळखीचा कोण ते बघायचं नाही, असं तिला शिकवलेलं आहे. पण लांबचाही आधी नाही. जवळचा आधी. हे तिनं मला पूर्वी कधीतरी सांगितलं होतं आणि मी म्हणाले होते, की ते पाण्यापुरतं ठीक आहे.

“उद्या मी येते,” ती म्हणाली.

“उपासनेला?”

“दारापर्यंत. काकांना भेटायला.” तिनं चिठ्ठीची घडी नखानं दाबली. “मलाही एक सांगायचंय. मी सांगणार नव्हते. तुला वाईट वाटेल म्हणून, आणि... तू निरोप मिळूनही आली नाहीस हे माहीत नसताना ते सांगायला काही अर्थच नव्हता. आई विचारत होती. दोनदा विचारलं तिनं, आली का? मी म्हटलं, येतेय, निरोप दिलाय. मग तिसऱ्यांदा तिनं विचारलं नाही. म्हणाली, ‘नाही यायची ती. मी शिकवलंय ना तिला.’ मग काही बोलली नाही.”

घड्याळाचा आवाज येत होता, तेच घड्याळ, त्या सकाळी मी आईच्या डोक्यावरून ज्याच्याकडे बघत होते ते. जगात असंख्य आवाज आहेत आणि आईचा हा एकच मला हवा होता आणि तो झाला तेव्हा मी चार मिनिटांवर उभी राहून अनोळखी माणसांची नावं घेत होते.

“कसं म्हणाली?” मी विचारलं.

“म्हणजे?”

“अभिमानानं म्हणाली? की दुसरं काही?”

“ताई, मी तिचा हात धरून बसले होते. तिचा सूर मोजत नव्हते.”

“म्हणून दाखव.”

“काय वेडेपणा आहे हा.”

“एकदा.”

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग डोळे खाली घेतले आणि म्हणाली, आईचा तो कागदासारखा आवाज काढून. “नाही यायची ती. मी शिकवलंय ना तिला.” मी डोळे मिटले. मला अभिमान ऐकू आला, बाबांच्या पेटीतल्या पितळेसारखा थंड आणि पुरा. मी म्हटलं, पुन्हा. तिनं पुन्हा म्हटलं. या वेळी शेवटच्या शब्दावर काहीतरी सुटलं, बटण काजातून निसटावं तसं. मी म्हटलं, पुन्हा. ती म्हणाली, बास ना. मी म्हटलं, पुन्हा. दहा वेळा तिनं म्हटलं, हळू हळू तिचा स्वतःचा आवाज त्यात मिसळत गेला आणि मी मिटल्या डोळ्यांनी ऐकत राहिले. पाच वेळा अभिमान होता. पाच वेळा आई वाट बघत होती. आमच्या नियमानं दोन्ही ऐकू आले असंच लिहावं लागतं.

धाकटी थांबली. टेबलाखाली तिचं बोट फळीवरून फिरत होतं, जुन्या रेघांवरून, मला लाकडावर नखाचा आवाज आला. मग मी न सांगता, आईच्याच आवाजात, तिनं हळूच विचारलं, “आली का?”

माझा अंगठा टेबलावर दाबला गेला.